गुरुवारचा समुद्र

आमच्या पट्ट्यात आठवडा शुक्रवारी सुरू व्हायचा. विजेच्या टंचाईमुळं कारखान्यांना सुट्टीचे वार वाटून दिले होते आणि पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला गुरुवार आला होता. जगाला रविवार, आम्हाला गुरुवार. साखरपुडे, जावळं, भांडणं मिटवायच्या बैठका, सगळं गुरुवारी. शाळांना मात्र सुट्टी रविवारचीच, त्यामुळं बुधवारी संध्याकाळपासूनच आमच्या घरातल्या दोन्ही पोरांच्या पोटात दुखायला लागायचं.

समुद्राशी माझी ओळख झाली ती या गुरुवारामुळं आणि एका अपमानामुळं. अपमान आधी सांगतो, कारण तो माझ्या डोक्यात कायम आधीच असतो.

बासष्ट साली मी थेरगावात आलो तेव्हा माझ्याकडं खिळे उपटायचा एक अंबूर होता, तोही दुसऱ्याचा. कारखान्यांत परदेशातून यंत्रं यायची ती देवदारी फळ्यांच्या मोठमोठ्या खोक्यांतून. यंत्र आत गेलं की खोकं बाहेर पावसात पडायचं. मी ती खोकी उचलायला लागलो. खिळे काढायचे, फळ्या सरळ करायच्या, विकायच्या. आज या भागातल्या कित्येक घरांत माझ्या फळ्यांचे पलंग असतील, त्यांच्या खालच्या बाजूला जर्मन अक्षरं असतील. घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलं नाही आणि दिलंही नाही. आवाज मोठा होता. अजून आहे.

माझी बायको चाकणच्या पलीकडच्या एका कोरड्या गावातली. चैत्रात तिथली विहीर तळाला जायची आणि पोरींना दोरानं खाली सोडून वाटीवाटीनं पाणी भरायला लावायचे. तिचा थोरला भाऊ दोर धरायचा. एकदा वर आल्यावर ती रडायला लागली, तेव्हा तो तिला म्हणाला होता, "मला नोकरी लागू दे. तुला समुद्र दाखवतो. मग बघ पाणी." हे तिनं मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि नंतरही अधूनमधून सांगायची. तिला दागिना नको होता, लुगडं नको होतं. भावाबरोबर समुद्र बघायचा होता.

भावाला नोकरी लागली. मोठ्या कंपनीत टर्नर, पर्मनंट. शिवाय कामगारांच्या सहल समितीचा सेक्रेटरी. कंपनीची बस दर वर्षी अलिबागला जायची. एका वर्षी त्यानं आमची चौघांची नावं यादीत घातली. पहाटे पाचला आम्ही गेटवर हजर. बायकोनं रात्रीच तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. आम्ही बसमध्ये बसलोसुद्धा, पोरं खिडकीशी. तेवढ्यात कुठल्या तरी साहेबाचे पाहुणे आले. मेव्हणा हातात कागद घेऊन आमच्या बाकाशी आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "दाजी, जरा खाली येता का? कामगारांच्या फॅमिलीच आधी घ्यायच्यात. पुढच्या बसला बघू."

पुढची बस नव्हतीच. आम्ही थेरगावापर्यंत चालत आलो. मी वाटभर ओरडत होतो. थोरलीनं विचारलं, "आई, समुद्र रद्द झाला का?"

त्या दिवशी मी ठरवलं, ती बस जिथं जाऊ शकणार नाही असा समुद्र आपण शोधायचा.

वर्षभरात मी एक जुना तीनचाकी टेम्पो घेतला. खोक्यांसाठीच घेतला, पण गुरुवारी त्यात गोणपाटं अंथरली की चारजणांची गाडी व्हायची. खंडाळ्याचा घाट उतरायचा, खोपोलीला चहा, पुढं पेण, मग अलिबाग. जाताना उतार होता म्हणून बरं. परत येताना घाटात पोरं खाली उतरून टेम्पोच्या बरोबरीनं चालायची आणि कधीकधी पुढंही निघून जायची.

पहिल्या गुरुवारी अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो तर समोर बसच्या बस. सगळ्या आमच्याच पट्ट्यातल्या! गुरुवारी तिथं दुसरं कोण येणार? भेळेच्या गाडीपाशी मला आमचा वाणी भेटला. मी टेम्पोतून उतरलोच नाही. तसाच दक्षिणेकडं निघालो. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून दगडी गडग्यांच्या कडेकडेनं गल्ल्या जात होत्या. खोकी ट्रकवर चढवून चढवून मला नजरेनं माप घ्यायची सवय झालेली. एका गल्लीपाशी थांबलो. साडेसहा फूट. बस मेली तरी आत शिरणार नाही. मी टेम्पो आत घातला.

गावाचं नाव सांगत नाही. का ते पुढं कळेल.

गल्ली संपली तिथं सुरूची झाडं होती, त्यांच्याखाली सुयांसारख्या पानांचा मऊ थर. झाडांपलीकडं किनारा, आणि माणूस एकही नाही. समोर पाण्यात, असेल शंभरेक पावलांवर, हत्ती बसल्यासारखा एक काळा खडक. किनाऱ्यापासून खडकापर्यंत ओल्या वाळूची वाट सरळ गेलेली, जणू कुणी मुद्दाम घातली होती. आम्ही त्या वाटेनं चालत गेलो. खडकाच्या माथ्यावर शेंदूर लावलेला एक दगड होता, वाऱ्यानं एका बाजूला वाकलेलं एक झुडूप होतं, आणि खाली खडकाच्या खाचांत पाणी साठून राहिलेलं.

त्या खाचांपाशी आमचे दोन तास कसे गेले ते कळलं नाही. एका डबक्यात बोटाएवढे पारदर्शक मासे होते, त्यांच्या आतला काटा दिसायचा. दुसऱ्यात लाल रंगाचं फुलासारखं काहीतरी दगडाला चिकटलेलं, धाकट्यानं काडी लावली तर ते मिटलं. झाड की जनावर यावर आम्हा चौघांत वाद झाला. शंख चालायला लागला, उचलून बघितला तर आतून एक खेकडा डोळे वटारून आमच्याकडं बघतोय. थोरली म्हणाली, "हा भाडेकरू आहे." वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी पसरलेली होती. ती कोण घालतं हे शोधायला बायको पदर खोचून पालथी पडली आणि श्वास रोखून वाट बघत राहिली. नखाएवढा खेकडा बिळातून आला, वाळूचा घास घेतला, गोळी केली, मागं टाकली. बायको मला खुणेनं बोलावत होती. मी तिला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

मग ती उठून बसली आणि म्हणाली, "दादाला हे दाखवलं पाहिजे."

माझं डोकं फिरलं. "बसमध्ये बसवून दाखव त्याला," मी म्हणालो.

टेम्पो मी ओल्या घट्ट वाळूवर उभा केला होता. परत आलो तर पुढचं चाक पाण्यात. आम्ही धरणाखालची माणसं. पवनेला पाणी वाढलं की कुणीतरी दार उघडलंय एवढंच आम्हाला ठाऊक. मी ओरडायला लागलो, "अरे, पाणी कुणी सोडलं? सांगून सोडायची पद्धत नाही का इथं?"

सुरूच्या सावलीत एक म्हातारी लोखंडी टोच्यानं कालवं फोडत बसली होती. खडकाला चिकटून वाढणारे ते शिंपले, त्यांतलं मांस काढून ती बाजारात विकायची. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिनं हाका मारून चारजण गोळा केले आणि त्यांनी टेम्पो ढकलून वर घेतला. मग ती मला म्हणाली, "पानी कोन सोडनार? चंद्र सोडतो. त्याला जाव विचार."

बायको-पोरं टेम्पोच्या मागं गोणपाटं झटकत होती. मी म्हणालो, "आजी, पाणी केव्हा येणार ते आधी कळायचं कसं?"

"तिथी किती?"

तिथी कुणाला माहीत? तिनंच बोटांवर मोजलं. "आज दशमी. धाची पाऊनपट किती?"

"साडेसात."

माझं उत्तर तिच्या प्रश्नाच्या पाठोपाठ गेलं. शाळा मी चौथीत सोडली, पण फळ्यांच्या धंद्यात पाऊणकी येत नसेल तर माणूस महिन्यात भिकेला लागतो. म्हातारीनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "मंग साडेसातला भरती. त्याच्या सा तास आदी नायतर सा तास मागून सुकती. थोडं इकडंतिकडं. आता तुजा तूच मोज."

भाव फोडून सांगितल्यासारखं वाटलं मला. एवढा मोठा समुद्र, आणि त्याचा हिशेब पाऊणकीचा! पण दुसऱ्यानं सांगितलेलं माप मी कधी घेतलं नाही. पुढचे तीन गुरुवार मी एक काठी नेली, तिच्यावर वीत-वीत खुणा केलेल्या. वाळूत रोवायची आणि घड्याळ घेऊन बसायचं. पोरं दर पंधरा मिनिटांनी ओरडून खूण सांगायची. म्हातारीचा आकडा पाव-अर्ध्या तासापलीकडं चुकला नाही. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीच्या सुमाराला दोन्ही कमी, हेही काठीनंच शिकवलं. वाळूच्या वाटेचंही कळलं. सुकतीच्या, म्हणजे पाणी पुरतं उतरतं त्या वेळेच्या, आधी अडीच तास ती उघडते आणि नंतर अडीच तासांनी बुडते.

घरी बायको विचारायची, "तुम्हाला बरोब्बर वेळ कशी कळते हो?" मी म्हणायचो, "कळते." माल कुठून घेतो आणि कसा मोजतो हे घरातही बोलायचं नाही, अशी माझी धंद्यातली रीत. निघायच्या आदल्या दिवशी मी परटाकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून यायचो. पोरांना वाटायचं, बापाचं आणि समुद्राचं काहीतरी ठरलेलं आहे. मीही तसंच वाटू दिलं.

दोन-तीन हिवाळ्यांत आम्ही आणखी जागा शोधल्या. एका खाडीच्या तोंडाशी मोडका धक्का होता, तिथं बसलं की पाय न भिजवता चिखलात नाचणारे मासे दिसायचे. होय, चिखलातच, पाण्याबाहेर. केवड्याच्या बनामागं एक तळं होतं, समुद्रापासून पन्नास पावलांवर आणि पाणी गोड. ते गोड का, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. पण बायकोचं मन त्या खडकावरच होतं. प्रत्येक वेळी परतताना घाटात ती तेच म्हणायची, "दादानं अजून अलिबागचाच समुद्र बघितलाय."

एका भाऊबीजेला तिनं भावाला ओवाळलं आणि ताटात ओवाळणी पडायच्या आधीच त्याला म्हणाली, "मला काही नको. यांच्याबरोबर समुद्राला चल." मग माझ्याकडं वळून, "आणि तुम्ही नाही म्हणायचं नाही." सगळ्यांसमोर मला बांधून टाकलं. घासाघीस मी शिकवली होती तिला.

गेलो. मेव्हणा, त्याची बायको, त्यांची दोन पोरं आणि आम्ही चौघं, सगळे टेम्पोत. मेव्हणा पुढं माझ्या शेजारी बसायला आला तर मी म्हणालो, "पुढं खोक्याची मोजमापं ठेवलीत. मागं बसा." पुढं काहीच नव्हतं. तो निमूट मागं बसला.

त्या गुरुवारी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सुकती बाराला. साडेनऊला वाट उघडली, आम्ही पलीकडं गेलो, जेवलो, पोरांनी मामाला डबक्यांवरून फिरवलं. मेव्हणा टर्नर माणूस, हातातलं काम बारीक. त्यानं ते लाल फूल चिमटीत धरून न दुखवता उलटं करून बघितलं आणि म्हणाला, "दाजी, हे जनावर आहे. तोंड आहे याला." आमचा तीन वर्षांचा वाद त्यानं मिटवला, आणि त्याचाही मला रागच आला.

निघताना त्यानं विचारलं, "पाणी रोज याच वेळेला उतरतं का हो?"

आता, मी खरं सांगू शकलो असतो. दोन वाक्यांचं काम. पण बसमधल्या बाकाशी उभा राहिलेला तो, हातात कागद घेतलेला, मला डोळ्यांसमोर दिसला. मी म्हणालो, "दुपारी उतरतं."

"दर गुरुवारी?"

"दुपारी म्हणालो ना!"

बायको बांगड्यांत अडकलेली वाळू काढत होती. तिनं ऐकलं.

दोनेक महिन्यांनी मेव्हण्याला एका मित्राची जीप मिळाली. तो घरी आला. "दाजी, या गुरुवारी परत जाऊ. या वेळी जीपनं, तुम्ही पुढं बसा." त्यानं ते साधेपणानं म्हटलं की टोमणा मारला, कुणास ठाऊक. मी टोमणा धरला. म्हणालो, "मला भोसरीला माल उचलायचाय. बंद दिवशीच आवार मोकळं मिळतं. तुम्ही जा."

बायकोनं विचारलं, "पोरांना घेऊन मी जाऊ?"

"भाऊ नेतोय तुझा. मला कशाला विचारतेस?"

ते पहाटे निघाले. मीही निघालो. भोसरीला अर्धा टेम्पो भरला, आणि नऊच्या सुमाराला न्याहारीला घरी आलो. माझी भाकरी झाकून ठेवलेली होती. तिच्या शेजारी पातेल्यात साबुदाणा भिजत घातलेला.

संध्याकाळच्या खिचडीचा साबुदाणा. बायको एकच उपास धरायची, म्हणजे आज संकष्टी. म्हणजे चतुर्थी.

चार पाऊण तीन. भरती तीनला. सुकती सकाळी नऊला, म्हणजे आत्ता. वाट साडेअकराला बुडणार. जीप पोचणार दहा-साडेदहाला, वाट चांगली उघडी दिसणार, आणि मेव्हणा सगळ्यांना घेऊन पलीकडं जाणार. का नाही जाणार? पाणी दुपारी उतरतं. दाजींनीच सांगितलंय.

भाकरी तशीच राहिली. खोकी उतरवायलाही मी थांबलो नाही. घाटात ती अशी आदळत होती की पुढचे ट्रकवाले मला वाट द्यायला लागले. फोन करायचा तर कुणाला करणार? म्हातारीकडं चूल होती, फोन नव्हता. मी वाटभर ओरडत होतो. सुरुवातीला मेव्हण्याच्या नावानं, खोपोलीनंतर कुणाच्या ते सांगत नाही.

दोन वाजता पोचलो. वाट नव्हती. खडकाभोवती पाणी फेसाळत होतं. माथ्यावर बायको, तिची वहिनी आणि तीन पोरं. चौथी कुठंय? मग दिसली. मेव्हणा खडकाच्या अलीकडं पाण्यात उतरला होता, कमरेपर्यंत, आणि माझी थोरली त्याच्या खांद्यावर बसली होती. एकेक पाऊल चाचपत तो किनाऱ्याकडं येत होता. किनाऱ्यावर म्हातारी टोचा हलवून ओरडत होती, पण वारा तिच्या तोंडावर होता.

माझा आवाज मात्र वाऱ्याला ऐकत नाही. "मागं फिर! मागं!"

तो थांबला. "दाजी? होईल कमी आता! दुपारी उतरतं ना!"

"उतरत नाही! अजून तासभर चढणार! फिर मागं!"

"तुम्हीच म्हणला होता..."

"खोटं बोललो होतो मी!"

तेवढ्यात एक लाट त्याच्या छातीपर्यंत आली. पोरीनं त्याचे केस धरले. तो क्षणभर तिरका झाला. मी पाण्यात उतरलो, म्हातारीनं मागून माझा सदरा धरला. "त्याला जाव दे मागं. तू कुठं मरतंस?" मेव्हण्यानं पाय रोवले, वळला, आणि एकेक पाऊल टाकत खडकाला लागला. वहिनींनी पोरीला वर ओढून घेतलं. मग तो चढला आणि पालथा पडून राहिला.

म्हातारी माझा सदरा सोडून म्हणाली, "खडक नाय बुडत. शेंदराच्या वर पानी मी कधी बगितला नाय. बसूं दे त्यांना." मग माझ्याकडं वरखाली बघत, "तुला सांगितलेला ना मी? मंग त्यांना का नाय सांगितला?"

तिनं टोचा उचलला आणि परत कालवं फोडायला बसली.

मेव्हणा उठून बसला होता. आता त्याचा आवाज आला, "काय खोटं बोलला होता?"

शंभर पावलं पाणी मधे, आणि दोन्हीकडून आम्ही हाताचे कर्णे करून ओरडतोय. "तिथीची पाऊणपट! तेवढ्या वाजता भरती! आज चौथ आहे!"

"चौथीचा आणि पाण्याचा काय संबंध?"

"ते चंद्राला विचार! चार पाऊण किती?"

"तीन! म्हणजे भरती तीनला? मग उतार..." तो बोटांवर मोजत होता, मला दिसत होतं. "नऊला! राव, म्हणजे आम्ही आलो तेव्हाच पाणी परत फिरलं होतं!" आणि भिजलेला तो माणूस एकदम उत्साहात आला. "मग मागच्या वेळी अष्टमी होती का? आठ पाऊण सहा, उतार बाराला! बरोबर! आणि पंधरवडा उलटला की परत पहिल्यापासून?"

"हो!"

"मग हे सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"मला बसमधून खाली उतरवलंत तेव्हा तुम्हाला काय झालं होतं?"

बोललो एकदाचा. इतकी वर्षं घरात, दारात, घाटात बोललो होतो, पण त्याच्या तोंडावर नाही. गावातली पाचसहा माणसं सुरूखाली येऊन उभी राहिली होती, त्यांनी माना वळवून खडकाकडं बघितलं.

"साहेब समोर उभा होता, दाजी! मला नाही म्हणता आलं नाही! भ्यालो! झालं समाधान?"

"नाही झालं!"

तेव्हा बायको उठून उभी राहिली. तिला मोठ्यानं बोलताना मी त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं. "गप बसा दोघं! पोरगी भिऊन थिजलीय माझी, आणि तुमची बस अजून चालूच! अहो, तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही मलासुद्धा सांगितलं नाही!"

मी वाळूत बसलो. ते तिकडं बसले. एक तांब्या पाणी सात जणांत पुरवून पुरवून प्यायले असावेत. बायकोला उपास. पण थोड्या वेळानं बघतो तर पोरं डबक्यांच्या जागी वाकून बघायला लागलेली, मामा बोटानं भरतीची रेघ दाखवतोय, आणि बायको भावाच्या शेजारी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसलीय. काय बोलत होती ते ऐकू आलं नाही. चारही बाजूंनी पाणी, मधे ती दोघं. विहिरीच्या काठावर त्यानं कबूल केलं होतं ते तिला मिळालं होतं. मला त्यात जागा नव्हती आणि ती मागायचं तोंडही नव्हतं.

तीनपर्यंत पाणी चढलं, मग खडकावरची ओली रेघ हळूहळू उघडी पडायला लागली. पण वाट मोकळी व्हायला साडेसहा वाजणार, आणि त्या दिवसांत सहाच्या पुढं अंधारतं. मी टेम्पोतून खोकी ओढली. देवदार, एकही गाठ नसलेला, त्या महिन्यातला सगळ्यात चांगला माल. अंबुरानं फळ्या सुट्या केल्या आणि वाट जिथं किनाऱ्याला लागते तिथं रचून पेटवल्या. एक खोकं संपलं की दुसरं. म्हातारी म्हणाली, "कवडं चांगलं लाकूड जालतंस!" मी म्हणालो, "आजी, आज गप राहा." ती तिच्या चुलीसाठी दोन फळ्या उचलून घेऊन गेली.

गुडघाभर पाण्यातून ते आले, जाळावर नजर ठेवून, एकामागं एक, हात धरून. पुढं मेव्हणा, शेवटी बायको. तिनं थोरलीचा हात माझ्या हातात दिला आणि जाळापाशी पदर पिळत भावाला म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी तिथी मी बघीन."

दुसऱ्या दिवशी तिनं परटाकडं होतं तसलंच कॅलेंडर आणून आमच्या भिंतीवर लावलं, आणि पाऊणकी मला तिला शिकवावी लागली. प्रत्येक गुरुवारच्या चौकटीत ती पेन्सिलीनं भरती-सुकतीची वेळ लिहून ठेवायची. मेव्हण्यानं त्याची नक्कल केली, आखीव कागदावर, टर्नरच्या सुवाच्य अक्षरात. पुढच्या सहलीला त्यानं आमची चार नावं यादीत शाईनं लिहिली. बायको आणि पोरं गेली. मी गेलो नाही. बसची गोष्ट मी विसरलेलो नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोन्ही घरं परत त्या गल्लीतून शिरलो तर सुरूखाली दोन स्कूटर उभ्या. आकुर्डीची माणसं, बायकापोरांसह. मी मेव्हण्याकडं वळलो. "यांना ही जागा कुणी सांगितली?"

"आमच्या खात्यात भिंतीवर लावलाय ना तो कागद," तो म्हणाला. "खाली रस्त्याचा नकाशा पण काढलाय. लोकांना उपयोग होतो, दाजी."

माझा आवाज चढायला लागला होता, पण तो बायकोबरोबर वाटेनं पुढं निघूनही गेला. दोघं खडकावर त्या लाल जनावरापाशी वाकली. आकुर्डीची माणसंही पोरांना घेऊन त्यांच्या मागोमाग चालायला लागली, चपला हातात, घड्याळाकडं एकाचंही लक्ष नाही. मी किनाऱ्यावरून ओरडलो, "ओ भाऊ! आज सप्तमी आहे! दीडच्या आत अलीकडं या!"

त्यातल्या एकानं हात हलवला. त्याला कळलं की नाही, कोण जाणे. मी वाळूत काठी रोवली, घड्याळ काढलं, आणि ती सगळी परत येईपर्यंत तिथून हललो नाही.